गवती चहाला खत किती, आणि तेल किती?



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "ताई, गवती चहाला युरिया जास्त टाकला तर तेल जास्त निघेल का?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. गटातून अंतर्गत कर्ज काढून लागवड केली, खताच्या गोण्या उधारीवर आणल्या, गवत कमरेएवढं वाढलं आणि भट्टीतून तेल मात्र बेताचंच निघालं, तर हप्ता कुठून भरायचा? म्हणून आज खत आणि तेल यांचा हिशेब सावकाश समजून घेऊ.

आपल्याकडे खताची सवय टोमॅटो, कांदा आणि ऊस या पिकांमुळे लागलेली आहे. नारायणगाव, मंचर, ओतूर या पट्ट्यात कालव्याचं पाणी आहे आणि खताचा हात सैल आहे. "पिकाला भरपूर द्या, पीक भरपूर देईल," असं घरातली माणसंही सांगतात. टोमॅटोचं फळ आपण किलोवर विकतो, ऊस टनावर विकतो. त्यामुळे वजन वाढलं की पैसा वाढतो, हे गणित डोक्यात पक्कं बसलं आहे. गवती चहाचं तेल काढायचं असेल तर हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. इथे वजन गवताचं वाढतं आणि पैसा तेलाचा मिळतो.

पानातलं तेल येतं कुठून?

गवती चहाचं पान चोळलं की लिंबासारखा वास येतो. तो वास तेलाचा. पानाच्या आत अगदी बारीक पेशींमध्ये हे तेल साठलेलं असतं. पान म्हणजे पात्याचा वरचा हिरवा भाग. त्यात तेल जास्त. बुडाजवळच्या पांढुरक्या दांड्यात कमी. तेलातला मुख्य घटक सिट्राल. चांगल्या तेलात तो साधारण ७५ ते ८५ टक्के असतो. साबण, अत्तर, अगरबत्ती यांसाठी आणि अ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी हे तेल लागतं, आणि खरेदीदार भाव ठरवताना सिट्राल किती हे तपासतो.

आता आकडा लक्षात ठेवा. १०० किलो ताज्या गवतातून तेल निघतं साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. पाव किलोपेक्षा थोडं जास्त ते अर्धा किलो, बस्स. बाकीचं पाणी आणि चोथा.

आपल्या परसातला चहात टाकायचा ठोंब आणि तेलासाठी लावायची जात यांतही फरक असतो. तेलासाठी निवडलेल्या जाती वेगळ्या आहेत. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेची 'कृष्णा' ही जात आहे. केरळमध्ये ओडक्कली इथे या गवतावर अनेक वर्षं संशोधन करणारं केंद्र आहे, तिथली 'सुगंधी' ही जात प्रसिद्ध आहे. केरळातून कोचीन बंदरामार्गे हे तेल परदेशी जायचं, म्हणून व्यापारात त्याला कोचीन तेल असंही नाव पडलं. सांगायचं एवढंच, की पानात किती टक्के तेल असणार हे मुख्यतः जातीवर, उन्हावर आणि कापणीच्या वेळेवर ठरतं. खतामुळे हलक्या जातीची भारी जात होत नाही.

मग खत करतं काय?

खताच्या गोणीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. तिघांची कामं वेगवेगळी आहेत.

नत्र पान वाढवतो. फुटवे जास्त येतात, पान रुंद आणि गर्द हिरवं होतं, कापणीनंतर ठोंब लवकर सावरतो. गवती चहात आपण पानच कापतो, म्हणून या पिकाला नत्राची भूक सगळ्यात जास्त. स्फुरद मुळं घट्ट करतो; लागवडीच्या वेळी त्याचा उपयोग मोठा. पालाश पानाला ताकद देतो, पाण्याचा ताण आणि रोग सोसायला मदत करतो.

नत्र बेताने दिला की गवताचं वजन चांगलं वाढतं. पानातल्या तेलाची टक्केवारी मात्र जवळपास तेवढीच राहते किंवा किंचित उतरते. सिट्रालमध्येही फारसा फरक पडत नाही. म्हणजे प्रत्येक पानात तेल वाढलं असं नाही, तेल देणारी पानं वाढली. म्हणून एकूण तेल वाढतं. पण एका मर्यादेपुढे नत्र देत राहिलं की पान पाणीदार आणि लुसलुशीत होतं, गवत आडवं पडतं, पानांवर रोगाचे डाग वाढतात. टक्केवारी उतरते आणि वाढलेल्या वजनाचा फायदा ती खाऊन टाकते.

हिशेब समजण्यासाठी एक गुंठा आणि एक कापणी धरू. हे आकडे केवळ उदाहरण म्हणून घेतले आहेत, पाटीवर मांडून बघा.

पहिल्या वाफ्याला खत नाही. गवत निघालं ५० किलो, तेल ०.४० टक्के. म्हणजे २०० ग्रॅम तेल.

दुसऱ्याला बेताचं खत. गवत ७५ किलो, तेल ०.३८ टक्के. म्हणजे २८५ ग्रॅम.

तिसऱ्याला भरमसाट खत. गवत ८५ किलो, तेल ०.३३ टक्के. म्हणजे साधारण २८० ग्रॅम.

दुसऱ्या वाफ्यात खताने ८५ ग्रॅम तेल वाढवलं. तिसऱ्यात गवत आणखी १० किलो वाढलं, पण तेल ५ ग्रॅमनी कमी झालं. वरचं खत विकत आणलं कोणी? आपण. ते १० किलो जादा गवत कापलं कोणी, भारा बांधून डोक्यावरून भट्टीपर्यंत आणला कोणी? आपणच. आणि ते उकळायला सरपण लागलं ते वेगळंच. बांधावरून बघणाऱ्याला तिसरा वाफा सगळ्यात छान दिसेल, म्हणून गवताची उंची बघून खुश होऊ नका. तेल मापात किती पडलं ते विचारा.

गुंठ्याला किती खत?

कृषी पुस्तकांत मात्रा हेक्टरला दिलेली असते आणि आपल्याकडे शेत गुंठ्यात मोजतात. इथे बायकांचा गोंधळ होतो आणि मग दुकानदार सांगेल ते घेतलं जातं. सोपी युक्ती अशी: एक हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे. हेक्टरला १०० किलो लिहिलं असेल तर गुंठ्याला १ किलो.

बागायती गवती चहाला वर्षाला हेक्टरी साधारण १०० ते १५० किलो नत्र आणि स्फुरद, पालाश प्रत्येकी ४० ते ६० किलो सांगतात. आपण खालचा आकडा धरून १० गुंठ्यांचा हिशेब करू.

नत्र हवा १० किलो. युरियात नत्र असतो ४६ टक्के. म्हणून युरिया लागेल साधारण २२ किलो. म्हणजे ४५ किलोच्या गोणीतली अर्धी गोणी, तीही वर्षभराची!

स्फुरद हवा ४ किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये तो १६ टक्के असतो, म्हणून २५ किलो, म्हणजे अर्धी गोणी.

पालाश हवा ४ किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये तो ६० टक्के, म्हणून साडेसहा ते सात किलो.

आणि लागवडीआधी चांगलं कुजलेलं शेणखत १ टन, म्हणजे गुंठ्याला १०० किलो.

ही मात्रा तुमच्या जमिनीला नेमकी बसेलच असं नाही. त्यासाठी माती तपासावी लागते. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून द्यायची. खताच्या ढिगाजवळची, बांधालगतची किंवा झाडाखालची माती घेऊ नका. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुक्याचं कृषी कार्यालय इथे चौकशी करा. टोमॅटोच्या जुन्या शेतात स्फुरद आधीच साठलेला असू शकतो. अहवालात तसं दिसलं तर सुपर फॉस्फेटचे पैसे वाचले.

कधी द्यायचं?

गवती चहा एकदा लावला की चार-पाच वर्षं उत्पन्न देतो. लागवडीनंतर पहिली कापणी साधारण ९० ते १०० दिवसांनी, पुढे पाणी असेल तर दर ५० ते ६० दिवसांनी. ठोंब जमिनीपासून चार ते सहा बोटं उंच ठेवून विळ्याने कापतात. प्रत्येक कापणीबरोबर पानातला नत्र शेतातून बाहेर जातो. म्हणून नत्र एकदम द्यायचा नाही, कापणीगणिक वाटून द्यायचा.

शेणखत, स्फुरद आणि पालाश लागवडीच्या वेळी मातीत मिसळायचं, पुढच्या वर्षांत पावसाच्या सुरुवातीला द्यायचं. १० गुंठ्यांचा २२ किलो युरिया चार हप्त्यांत वाटला तर एका वेळी येतो साडेपाच किलो. कापणी झाली की खुरपणी करायची, ओळीच्या कडेने युरिया टाकायचा, मातीआड करायचा आणि हलकं पाणी द्यायचं. कोरड्या मातीवर उन्हात उघडा टाकलेला युरिया हवेत उडून जातो. कापणी आठ-दहा दिवसांवर आली असताना खत देण्यात अर्थ नाही. तेल वाढवायला तेवढा वेळ पुरत नाही.

एकाच तालुक्यात दोन तऱ्हा

जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा आणि पूर्व पट्टा यांत फार फरक आहे. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला पाऊस धो धो, जमीन उताराची आणि मुरमाड, भात आणि हिरडा ही तिथली मिळकत. तिथे जुलैच्या पावसात युरिया टाकणं म्हणजे ओढ्याला खत घालणं. पहिला हप्ता पावसाच्या सुरुवातीला थोडा, दुसरा पाऊस ओसरल्यावर, असं ठेवा. उतारावर ठोंबांच्या ओळी उताराला आडव्या लावा, म्हणजे माती आणि खत दोन्ही अडतं. पावसाळ्यानंतर पाणी नसेल तर कापण्या दोन-तीनच होतात. कापण्या कमी तर नत्रही कमी, बागायतीची मात्रा तिथे नको.

पूर्वेला काळी जमीन आणि कालव्याचं पाणी. तिथे खत वाहून जाण्यापेक्षा पाणी साचण्याची भीती जास्त. मुळाशी पाणी साचलं की ठोंब पिवळा पडतो आणि बाई म्हणते, "नत्र कमी पडला." ती आणखी युरिया टाकते. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, मग खताचं बघा.

पिवळेपणा ओळखायला शिका. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर बहुतेक नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं चुनखडीच्या जमिनीत दिसलं तर लोह कमी पडत असतं. तिथे युरियाने काही होत नाही. पानांचा नमुना घेऊन कृषी सहायकाला दाखवा.

तेल विका, चोथा विकू नका

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपण विकतो त्या तेलात खत किती असतं? जवळजवळ काहीच नाही. सिट्राल बनतं कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं. हे झाड हवेतून आणि पाण्यातून घेतं, उन्हाच्या जोरावर त्याचं तेल करतं. नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी कशाचाही त्यात भाग नसतो. तेल बाटलीत जातं आणि आपण पैसे देऊन घातलेलं खत भट्टीतल्या चोथ्यात मागे राहतं.

तो चोथा पुन्हा शेतात गेला तर दर वर्षी खताची गोणी कमी लागेल. भट्टीशेजारी टाकून दिला, कुणी नेला, तर आपण शेताचा कस फुकट वाटला. १०० किलो गवत उकळलं तर तेल अर्ध्या किलोच्या आत. बाकीचं सगळं आपल्याच हातात असतं.

बरेच जण चोथा वाळवून भट्टीतच जाळतात. सरपण वाचतं, हे खरं. ती राख शेतात टाकली तर पालाश आणि थोडा स्फुरदही परत मिळतो. पण जाळल्यावर नत्र धुरात जातो, तो परत येत नाही. म्हणून सगळा न जाळता निम्मा तरी कुजवा. नुसता चोथा मातीत गाडू नका. कुजताना तोच मातीतला नत्र ओढतो आणि पीक पिवळं पडतं. थर लावा: वीतभर चोथा, वर शेणकाला, थोडी माती, पुन्हा चोथा. ओल ठेवा, महिन्याने वरखाली करा. तीन-चार महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं. घाई असेल तर ठोंबांच्या दोन ओळींमध्ये चोथ्याचं आच्छादन करा. तण कमी होतं आणि खुरपणीची एक पाळी वाचते.

ज्या गटांना ताज्या जुड्या बाजारात पाठवायच्या आहेत, त्यांचा हिशेब वेगळा. जुडीबरोबर पानातलं सगळं खत शेताबाहेर जातं. तिथे शेणखत जास्त लागणार. धनगरांच्या मेंढ्या आपल्या भागात शेतात बसवतात. लागवडीआधी एक-दोन रात्री मेंढ्या बसवल्या तर लेंडीखत उत्तम मिळतं. कोंबडखत मात्र ताजं घालू नका, ते गरम पडतं. कुजवून घाला.

शेणखत किंवा गांडूळखत आणि कमी मात्रेत रासायनिक खत, हा मेळ गवती चहाला मानवतो. नुसत्या शेणखतावर पहिल्या वर्षी गवत थोडं कमी येईल. नुसत्या युरियावर जमीन कडक होत जाईल. पीक चार-पाच वर्षांचं आहे. पहिल्या कापणीच्या दिमाखापेक्षा तिसऱ्या वर्षी ठोंब किती जोमात आहे ते महत्त्वाचं.

आपलाच प्रयोग, आपलीच वही

दुसऱ्याच्या शेतातला आकडा आपल्या शेताला लागू पडेल असं नाही. गटाने स्वतः तपासावं. सारख्या जमिनीचे दोन तुकडे घ्या. एकाला पूर्ण मात्रा, दुसऱ्याला निम्मा युरिया आणि चोथ्याचं खत. दोन्ही एकाच दिवशी, सारख्याच उंचीवर कापा आणि भट्टीत वेगवेगळे घाला. तुकडा भट्टीच्या एका घाण्यापुरता मोठा नसेल, तर नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. किलोभर पानांतही तेलाची टक्केवारी कळते. एक खबरदारी घ्या. पावसाळी कापणीची तुलना उन्हाळी कापणीशी करू नका. पावसाळ्यात पानात पाणी जास्त आणि तेल कमी असतं, त्यात खताचा दोष नाही.

वहीत सहा रकाने आखा: कापणीची तारीख, दिलेलं खत, त्याचा खर्च, गवताचं वजन, सरपण किंवा भट्टीचं भाडं, तेलाचं वजन. चार कापण्यांनंतर ही वही बँकेच्या साहेबांपुढे ठेवता येते आणि घरातल्या कारभाऱ्यापुढेही. "बायकांना खतातलं काय कळतं," या बोलण्याला आकड्यांनी उत्तर देता येतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, हिशेब आपल्या हातात असला की निर्णयात आपलं नाव येतं.

जाता जाता दोन-तीन सूचना. खत घेताना पावती घ्याच. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारत असतील तर गटाने मिळून नकार द्या. युरियाची गोणी गोठ्यापासून लांब, बांधून ठेवा. गाय, शेळीने युरिया खाल्ला तर जीव जाऊ शकतो. युरिया कालवलेली बादली जनावरांच्या पाण्याला वापरू नका. आणि लागवडीच्या आधी भट्टी कुठे, तेल घेणारा कोण, हे दोन प्रश्न सोडवा. गवत वाढवणं सोपं आहे, कापलेलं गवत भट्टीची वाट बघत ढिगात तापलं की तेल वाया जातं.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने आपलं शेत किती गुंठे आणि गेल्या वर्षी किती गोण्या खत आणलं, हे लिहून आणावं. आजच्या हिशेबाशी ताडून बघा. कुणाची गोणी जास्त जाते आणि कुणाची कमी, हे तिथेच कळेल. काही अडलं तर बैठकीत विचारा, पुढच्या भागात त्यावर बोलू.